सहाव्या दिवशीचं पाणी

ठिबकच्या फिल्टरची जाळी आम्ही आठवड्यातून एकदा धुवायचो. त्या वर्षी होळी झाली आणि जाळी दिवसाआड धुवावी लागायला लागली. जाळीत शिंपले अडकलेले असायचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे, पिवळट, एकाला एक चिकटलेले. पहिल्यांदा मला ते गोड वाटले, खोटं कशाला बोलू. मूठभर पदरात घेऊन मी जिजीकडे गेले आणि म्हटलं, बघा, तापीमायनं काय पाठवलंय.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिनं दोन शिंपले ओढून वेगळे केले. मधले केसासारखे धागे उन्हात धरून बघितले.

"हे आपले नही," ती म्हणाली. "आपले शिंपले रेतीत राह्यता. असे चिपकत नही."

मी नेपानगरची. वडील कागद कारखान्यात होते, क्वार्टरच्या नळाला पाणी यायचं आणि ते येतं कुठून हा प्रश्न लग्न होईपर्यंत मला पडला नव्हता. लग्नानंतर तापीकाठच्या या गावात आले तेव्हा केळीच्या बुंध्याशी फुटणारं कोणतं पील ठेवायचं आणि कोणतं कापायचं, हेसुद्धा मला जिजीनं हात धरून शिकवलं. जेठ, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर तिनं तिचा मळा एकटीनं चालवला होता. माझा नवरा खकनारला शाळेत मास्तर, घरी यायचा तो रविवारी. त्याच्या मते आमचा मळा बटाईनं द्यावा आणि मी खकनारला येऊन भाड्याच्या खोलीत पोळ्या लाटाव्यात. आमचं भांडण झालं, आणि शेवटी एका कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याअखेरीस लावलेल्या केळीच्या एका हंगामाची, मुदत मला मिळाली. बाग साधली तर मी मळ्यात राहीन. नाही साधली तर खकनार. ती बाग त्या उन्हाळ्यात निसवायला आली होती, म्हणजे झाडांच्या पोटातून घड बाहेर यायला लागले होते. त्या दिवसांत केळीला पाणी चुकवायचं नसतं, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

पाणी तापीचं. नदीकाठी पंपघर, तिथून दोन किलोमीटरची पाइपलाइन, तिच्यावर आम्ही नऊ घरं. शेवटचा मळा माझा, त्याच्या अलीकडचा जिजीचा. चैत्रात माझ्याकडे येणारी धार करंगळीएवढी झाली. मला वाटलं, वरचे लोक पाळी सोडून पाणी घेतात. मी दोघांशी कडाकडा भांडलेसुद्धा. मग एक दिवस सगळ्यांनी मिळून पंपघराजवळचा पाइपाचा जोड उघडला, आणि भांडणाची मला लाज वाटली. आठ इंची पाइपात जेमतेम मूठ जाईल एवढी जागा उरली होती. बाकी सगळे शिंपले, थरावर थर, आणि नासल्या मांसाचा वास.

बऱ्हाणपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर येऊन बघून गेले. त्यांनी सांगितलं, हे बाहेरच्या पाण्यातले, कोणत्या तरी नावेला नाही तर रेतीच्या मशिनीला चिकटून आले असतील. यांची पिलं डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याबरोबर पाइपात शिरतात आणि भिंतीला धरून बसतात. उपाय विचारला तर म्हणाले, घासून काढा. जिथे हात पोचत नाही तिथे लाइन पूर्ण रिकामी करा आणि सुकू द्या. मे महिन्याचं ऊन तुमच्या बाजूनं आहे. आठ-नऊ दिवस थेंबभर पाणी नको. मधे ओल मिळाली की पहिल्यापासून मोजायचं.

लाइनीचे कारभारी आमच्या गावातले वयस्क शेतकरी, सगळे त्यांना बाबा म्हणायचे. बाबांचा उपाय वेगळा होता. मोरचूद. केळीवर करपा आला की आम्ही फवारतोच, मग पाइपात का नाही? एक रात्र लाइन मोरचुदाच्या पाण्यानं भरून ठेवायची, सकाळी सोडून द्यायची, काम खलास.

"सोडून कुठी द्यायची?" जिजीनं बैठकीत विचारलं.

सगळ्यांना ठाऊक होतं. लाइन रिकामी करायचं तोंड नदीतच उघडतं. खाली डोह, डोहाच्या खाली मासे धरणाऱ्यांची वस्ती. उन्हाळ्यात त्या वस्तीतल्या बाया वाळूत झिरे खणतात आणि वाटीवाटीनं पाणी भरतात. जिजी उठून उभी राहिली. बैठकीत बाई उभी राहिली की आमच्याकडे पुरुष चपला शोधायला लागतात. पण तिनं कोणाला जाऊ दिलं नाही. नऊ दिवस द्या, म्हणाली. माझी पण बाग जळन, मी पण पाहीन. नऊ दिवसांत नही मेले तर तुमी तुमच्या मनाचं करा, मी चकार शब्द बोलनार नही.

मी तिच्या बाजूनं बोलले. मनापासून बोलले. नेपानगरच्या शाळेत शिकलेले दोन-चार जड शब्दही वापरले.

आमच्याकडे पाण्याचा कोणताही ठराव कागदावर होत नाही. सगळे नदीवर जातात, ओंजळीत तापीचं पाणी घेतात आणि बोलतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी नऊ घरांची माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. माझ्या घरचा माणूस खकनारला, म्हणून मी. मी ओंजळ भरली आणि म्हटलं, नऊ दिवस मोटार सुरू करणार नाही. त्यानंतर पंपघराला कुलूप लावायचंही कोणाला सुचलं नाही. तापीचं पाणी हातात घेतल्यावर कुलूप कशाला?

लाइनीवर ठिकठिकाणी पाणी आणि हवा काढायची तोंडं आहेत, ती सगळी उघडली. जिजीनं पाइपातले शिंपले भरलेलं एक घमेलं आपल्या गच्चीवर ठेवलं आणि वरून पोतं टाकलं, पाइपात असते तशी सावली व्हावी म्हणून. रोज सकाळी त्यातले दहा शिंपले ती पाण्याच्या वाटीत टाकायची आणि बघत बसायची. जिवंत शिंपला थोड्या वेळानं फट उघडून हलतो. मेलेला नुसताच आ वासून पडतो. चौथ्या दिवशी दहातले आठ मेले. पाचव्या दिवशी सगळे. मला दाखवायला ती वाटी घेऊन घरी आली. इतकी खूश मी तिला जेठ गेल्यानंतर पाहिली नव्हती.

मी मात्र माझ्या बागेकडे बघत होते. तिसऱ्या दिवसापासून पानं दुपारी दोन्ही बाजूंनी मिटून दांड्याला लोंबायला लागली. पाचव्या दिवशी ती संध्याकाळीही उघडली नाहीत. झाडांच्या तोंडाशी आलेले घड अर्धवट बाहेर येऊन अडकले होते. मला त्या झाडांसमोर उभं राहवत नव्हतं आणि घरी बसवतही नव्हतं. विहीर केव्हाच आटली होती, बोअर धूळ टाकत होता. सहाव्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. काय म्हणते तुझी बाग, त्यानं विचारलं. मग हसून म्हणाला, शाळेजवळ एक खोली बघून ठेवली आहे, मोरी आतच आहे.

त्याच्यावरचा राग मी कोणावर काढला, ते सांगते.

दुपारी वीज असते त्या वेळी गावात कुत्रंही बाहेर नसतं. मी डोक्यावर ओला टॉवेल टाकून निघाले. लाइनीची उघडी तोंडं एकेक करून बंद करत नदीपर्यंत गेले. अचानक घडलं, भान नव्हतं, असलं काही म्हणायची सोय नाही, कारण दोन किलोमीटर चालताना माणसाला भरपूर भान येतं. मनाशी म्हणत होते, एकच पाणी. अर्धा तास. सर काय, सावधगिरी म्हणून नऊ दिवस म्हणाले असतील. घमेल्यातले तर मेलेच आहेत. पंपघरात शिरून मी मोटारीचं बटण दाबलं. घड्याळ लावून अर्धा तास थांबले, बंद केली, आणि येताना सगळी तोंडं परत उघडत आले. पायाला फोड आले होते. बागेत पोचले तेव्हा नळ्यांतून थोडंसं पाणी ठिबकून गेलेलं, बुंध्याशी पावलीएवढे ओले डाग. मी तिथेच बसून रडले. मला वाटलं होतं, पाणी पाहून बरं वाटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजी बांध ओलांडून आली. एका झाडापाशी वाकली.

"इथी वल कशी?"

"घरचे हंडे आणून घातले," मी म्हटलं. "चार-सहा झाडांना तरी."

ती तशीच घराकडे वळली. तासाभरानं परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे होते. तिच्या घरी आठवड्यातून एकदाच टँकरचं पाणी यायचं, तेच. माझ्या दोन झाडांच्या बुंध्याशी तिनं ते हळूहळू ओतलं, एक थेंब बाहेर जाऊ न देता. तेव्हा सांगितलं असतं तर सहाच दिवस वाया गेले असते, पुढचं सगळं टळलं असतं. मी तिला चहा करून दिला.

नवव्या दिवशी सगळ्यांच्या समोर जोड उघडला. वरचे शिंपले वाळून भुगा झाले होते. पण आतले, थराच्या खालचे, आणि लाइन जिथे खोलगट जाते तिथे पाणी साचून राहिलं होतं तिथले, ते ओले होते. जिजीनं दहा वाटीत टाकले. सगळे वाटीभोवती वाकून उभे. एकानं फट उघडली. मग दुसऱ्यानं. मग सहा-सात जणांनी.

जिजीचा चेहरा मी पाहिला नाही. मी पाइपाकडे बघत राहिले.

पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाबांनी बैठक पाच दिवसांनी ठेवली होती, सगळ्यांचं बागेतलं नुकसान बघून मग काय ते ठरवू म्हणाले. जिजी रोज माझ्याकडे यायची. तिला काही केल्या उमगत नव्हतं. माझ्या घमेल्यातले मेले अन् लाइनीतले काऊन जगले? घमेल्याला जास्त हवा लागली का? पोतं पातळ होतं का? सरांना तिनं दोनदा फोन केला. सर म्हणाले, मधे पाणी तर गेलं नाही ना? ती म्हणाली, नही सर, आमी तापीचं पानी हातात घेतलं व्हतं. हे सगळं ती मला सांगायची आणि मी समोर बसून ऐकायची. एकदा म्हणाली, "मीच काहीतरी उलटं समजली असन. चौथी शिकली बाई मी." मी म्हटलं, असं काही नाही जिजी. त्या माझ्या वाक्याची मला आजही शिसारी येते.

बैठकीला जिजी उभी राहिली नाही. बसूनच बोलली. अजून एक मौका द्या, म्हणाली. या बारीला मी सोता लाइनीवर हिंडीन. कोणी मोठ्यानं बोललंही नाही तिला. बाबा फक्त म्हणाले, बाई, तुझ्या सांगन्यानं नऊ दिवस बागा वाळवल्या. आता बास. मोरचुदाची पोती बऱ्हाणपूरहून आली होती, बाहेर ओट्यावर ठेवलेली दिसत होती.

तेव्हा मी बोलले. उभी राहिले आणि सांगितलं. मोटार मी सुरू केली होती. सहाव्या दिवशी, दुपारी, अर्धा तास. जिजीचं काही चुकलं नाही. सुकवणं बरोबर होतं, मी मोडलं.

मला वाटलं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर मी पाय धरले असते त्या माणसांचे.

बाबा हसले. चांगलं हसले, प्रेमानं. "देरानी-जेठानीची अशी एकी पाह्यली नही मी," ते म्हणाले. "जाऊसाठी सोतावर घेऊ राह्यली."

"नाही बाबा, खरंच सांगते."

"तू तापीमायचं पानी हातात घेतलं व्हतं, माझ्यासमोर," ते म्हणाले. "पानी घेतल्यावर कोनी मोटार चालू करन का?"

"तेच सांगते ना, मी केली. वाटलं तर आता परत पाणी हातात घेऊन सांगते."

मागून कोणीतरी विचारलं, "मंग पयलं पानी खरं का आताचं?"

मी सगळं सांगितलं, कोणतं तोंड कसं बंद केलं, किती वेळ थांबले. त्यांनी मान हलवून ऐकलं, जसं आजारी माणसाचं ऐकतात. एकानं माझ्या नवऱ्याला फोन करायला हवा असंही सुचवलं, उन्हाचा त्रास झाला असेल म्हणून. नऊ घरांत मला खोटं ठरवायला सगळे तयार होते, आणि त्यात माझ्याविषयी वाईट कोणाच्याच मनात नव्हतं.

फक्त जिजीनं विश्वास ठेवला. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला ते दोन हंडे आठवले हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

बाहेर आल्यावर मी तिच्या मागे धावले. ती चालत राहिली. मळ्याच्या वाटेवर थांबली, पण वळली नाही.

"पाच दिवस मी झोपली नही," ती म्हणाली. "माझं काय चुकलं ते धुंडत व्हती. तू रोज मले चहा पाजला."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात झटकला नाही, पण तो माझ्या हातात नुसताच राहिला. मग म्हणाली, आता बोलली तर काय फायदा, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मोरचुदाच्या पाण्यानं लाइन भरली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड उघडलं. निळसर पाणी धो-धो डोहात गेलं. दुपारपर्यंत मासे वर यायला लागले. आधी बारीक, मग हाताएवढे, पांढरी पोटं वर करून. विष लागताच शिंपल्यांनी म्हणे फटी मिटून घेतल्या होत्या. संध्याकाळी जोड उघडला तर ते जसेच्या तसे, घट्ट बंद. वाटीत चांगलं पाणी घातल्यावर निम्मे तरी उघडले. विषाचं असंच होतं हे सरांनी आले तेव्हाच सांगितलं होतं, पण कोणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा अर्धंच ऐकलं होतं. माझ्या बागेतला एकही घड त्या अर्ध्या तासाच्या पाण्यानं वाचला नाही. पण त्या दिवशी मी बागेकडे फिरकलेही नव्हते.

मी नदीवर गेले. वस्तीकडून झिऱ्यांवर येणारी पायवाट जिथे वाळूत उतरते तिथे, भर उन्हात, जिजी उभी होती. डोक्यावर पदर, हातात काठी. हंडे घेऊन येणाऱ्या बायांना ती परत पाठवत होती. पानी नका घेऊ. पोरायले इथी येऊ देऊ नका. मासे खाऊ नका, कोनी देल्ले तरी खाऊ नका. टँकरसाठी मी पंचायतीत जाऊन आली, टँकर येईन. हे ती प्रत्येकीला वेगळं सांगत होती, न कंटाळता. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती थोडी बाजूला सरकली, मला बाभळीच्या सावलीत जागा व्हावी एवढी.

एक म्हातारी बाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन आली. तिचा नातू मागे. तिनं मेलेले मासे पाहिले, मग आमच्याकडे पाहिलं.

"कितीक दिवस पानी नही घ्यायचं?"

जिजीला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. जिजी म्हणाली, आमी सांगू.

"अन् हे टाकलं कोनी?"

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी जिजी बोलली.

"आमीच," ती म्हणाली.

म्हातारी नातवाचं मनगट धरून चढावर परत गेली. जिजी पुढच्या बाईकडे वळली. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.